लाखाचा डॅक, अर्ध्या तासाचं सेटिंग

बोनस झाला, डॅक घरी आला, केबल लावली... आणि आवाज तसाच? टेन्शन नको! घोळ बहुतेक वेळा पेटीत नसतो, जोडणीत असतो.

पहिल्या पगारात मोबाईल, पहिल्या इन्क्रिमेंटला चांगले हेडफोन्स आणि पहिल्या दणदणीत बोनसला? हिंजवडीपासून बीकेसीपर्यंत, गाण्याचं वेड लागलेल्या मंडळींचा पुढचा स्टॉप हल्ली ठरलेला असतो. डॅक! म्हणजे डिजिटल-टू-अ‍ॅनलॉग कन्व्हर्टर. दिसायला जेवणाच्या डब्याएवढी पेटी, किंमत मात्र दहा-बारा हजारांपासून थेट काही लाखांपर्यंत.

मग एका रविवारी खोकं उघडतं. यूएसबी केबल खुपसली जाते, आवडतं गाणं लागतं, घरातले सगळे कान टवकारून बसतात. आणि आई शांतपणे विचारते, ‘यात वेगळं काय आहे रे?’

प्रश्न एकदम रास्त आहे. कारण महागडा डॅक नुसता जोडला की आपोआप वाजत नाही, तो लावावा लागतो. त्याच्यापर्यंत गाणं धडपणे पोचलं पाहिजे आणि त्याच्याकडून निघालेला आवाज योग्य जागी गेला पाहिजे. हे दोन्ही जमलं तरच तुमचे पैसे कानापर्यंत पोचतात. काम तसं अर्ध्या तासाचं. चला तर मग!

फंडा काय आहे?

डिजिटल गाणं म्हणजे निव्वळ आकडे. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली, तेव्हापासूनचा हिशोब असा, की आवाजाची दर सेकंदाला ४४,१०० मोजमापं आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटचं. स्पीकरला आकडे कळत नाहीत, त्याला लागते वरखाली होणारी वीज. आकड्यांची वीज करणारा हा दुभाषा म्हणजे डॅक.

गंमत म्हणजे डॅक तुमच्याकडे आधीपासूनच आहे. मोबाईलमध्ये, लॅपटॉपमध्ये, टीव्हीमध्येसुद्धा. फोनला साधे हेडफोन लावण्यासाठी अ‍ॅपलची जी टिचभर यूएसबी-सी वायर मिळते, त्यातही डॅक असतो आणि मोजमापात तो चांगला उतरतो. मग लाख रुपये कशाचे? कमी खरखर, दमदार आउटपुट, नेमकं घड्याळ, चार वेगवेगळी उपकरणं जोडायची सोय, चांगला व्हॉल्यूम कंट्रोल, रिमोट आणि दणकट बांधणी यांचे.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलूया. दोन चांगल्या डॅकमधला फरक बारीक असतो. दोन स्पीकरमधला फरक मात्र आजीलाही कळतो. त्यामुळे स्पीकर किंवा हेडफोन अजून साधेच असतील, तर बोनस आधी तिकडे वळवा. आणि तुम्ही ब्लूटूथ हेडफोनवरच ऐकणार असाल तर डॅक घेऊच नका. ब्लूटूथवर गाणं आकड्यांच्याच रूपात जातं आणि त्याचं रूपांतर हेडफोनच्या आत होतं. बाहेरची पेटी नुसती शोभेला उरते.

कुठली वायर कुठे?

आत येणारा रस्ता आधी बघू. लॅपटॉप किंवा स्ट्रीमर असेल तर यूएसबी. हल्लीच्या बहुतेक चांगल्या डॅकमध्ये असिंक्रोनस यूएसबी असतं, म्हणजे वेळेचा ताल कॉम्प्युटर ठरवत नाही, डॅक स्वतःच्या घड्याळाने ठरवतो. विंडोज १० मध्ये २०१७ पासून यूएसबी ऑडिओ २ चा ड्रायव्हर आलेला असतो. तरी कंपनीने स्वतःचा ड्रायव्हर दिला असेल तर तो टाकलेला बरा.

टीव्हीसाठी ऑप्टिकल केबल. इथे बरेच जण अडकतात. केबल लावली, लाल दिवा दिसतोय, पण आवाज गायब! टीव्हीच्या साऊंड सेटिंगमध्ये जा आणि डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ करा. नाहीतर टीव्ही डॉल्बीचा गुंडाळलेला सिग्नल पाठवतो आणि साध्या स्टिरिओ डॅकला तो उलगडता येत नाही.

आता बाहेर जाणारा रस्ता. मागच्या लाल-पांढऱ्या आरसीए जोडीतून साधारण २ व्होल्टचा सिग्नल निघतो, एक्सएलआरमधून बहुधा त्याच्या दुप्पट, ४ व्होल्ट. अ‍ॅम्प्लिफायरवर हा सिग्नल ‘ऑक्स’, ‘लाइन’ किंवा ‘सीडी’ लिहिलेल्या जागी द्या. ‘फोनो’मध्ये चुकूनही नको. ती जागा रेकॉर्ड प्लेअरच्या नाजूक सिग्नलसाठी असते. तिथे डॅक लावलात तर आवाज फाटणार आणि बेस ढगासारखा गडगडणार.

सगळ्यात महत्त्वाचा इशारा व्हॉल्यूमचा. बऱ्याच डॅकमध्ये ‘फिक्स्ड’ आणि ‘व्हेरिएबल’ असे दोन मोड असतात. मध्ये अ‍ॅम्प्लिफायरचं बटण असेल तर फिक्स्ड ठेवा. पण डॅक थेट पॉवर अ‍ॅम्पला किंवा अ‍ॅक्टिव्ह स्पीकरला जोडत असाल तर व्हेरिएबलच हवा, आणि तोही अगदी खालून सुरू करा. नाहीतर पहिलंच गाणं फुल व्हॉल्यूममध्ये सुटेल. स्पीकर, कान आणि शेजाऱ्यांशी असलेले संबंध, तिन्ही धोक्यात!

पेटीवरचा आकडा खोटं बोलत नाही

तुमच्या डॅकला छोटा डिस्प्ले किंवा रंग बदलणारा दिवा असेल, तर तो काय सांगतोय ते बघायची सवय लावा. सीडीच्या दर्जाचं गाणं लावलंय आणि डिस्प्लेवर ४४.१ ऐवजी ४८ दिसतंय? याचा अर्थ वाटेत कॉम्प्युटरने आकडे बदललेत. विंडोजचा मिक्सर सगळ्या आवाजांना एकाच रेटवर आणतो. तुमचं गाणं, ऑफिसच्या चॅटचं ‘टुंग’, सगळं एकाच भांड्यात. यावर उपाय म्हणजे प्लेअरच्या सेटिंगमध्ये ‘वासापी एक्सक्लुझिव्ह’ किंवा ‘एएसआयओ’ निवडणं. मग गाणं सरळ डॅककडे जातं. मॅकवाल्यांनी ‘ऑडिओ मिडी सेटअप’ उघडून रेट तपासावा. अँड्रॉइडमध्ये आकडे न बदलता यूएसबीवर पाठवायची सोय १४व्या आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये आली, पण फोन आणि अ‍ॅप दोघांचीही साथ लागते. रेट बदलला म्हणून आवाजाचा विचका होतो असं मुळीच नाही. पण पैसे मोजलेत तर गाणं न बदलता मिळायला हवं, एवढंच.

पुढचं पाऊल अ‍ॅपमध्ये. अ‍ॅपल म्युझिकवर लॉसलेस २०२१ पासून आहे, स्पॉटिफायने २०२५ मध्ये आणलं. पण ते तुमच्या प्लॅनमध्ये आहे का आणि मुख्य म्हणजे सेटिंगमध्ये चालू आहे का, हे तुम्हालाच बघावं लागतं. लाखाच्या डॅकला डेटा सेव्हरवरचं गाणं देणं म्हणजे हापूसच्या पेटीत पपई भरण्यासारखं. इक्वलायझर, ‘एन्हान्समेंट’ आणि सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करणारं नॉर्मलायझेशन सध्या बंद ठेवा. नंतर हवं तर मजेत चालू करा. आणि हो, वाय-फायवरच ऐका. चार मिनिटांचं सीडी दर्जाचं गाणं कॉम्प्रेस न करता सुमारे ४२ एमबी भरतं!

ही भुणभुण कसली?

स्पीकरमधून बारीक ‘हूंऽऽ’ येतंय? घाबरू नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि तिचाच हा गुणगुणणारा भाऊ. दोन उपकरणांना वेगवेगळ्या वाटांनी अर्थिंग मिळालं की हा ग्राउंड लूप तयार होतो. पहिली चाचणी फुकट आहे. लॅपटॉपचा चार्जर काढा. आवाज थांबला? चोर सापडला! गाणी ऐकताना बॅटरीवर चालवा, किंवा सगळी उपकरणं एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. तरी नाहीच थांबलं तर ऑप्टिकल केबल वापरून बघा. तिच्यातून वीज जातच नाही, नुसता प्रकाश जातो.

एक जुगाड मात्र अजिबात करायचा नाही. प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन काढायची नाही. भुणभुण जाईलही, पण शॉक लागला तर गाणं ऐकायला कोणी उरायला हवं ना!

केबलचं म्हणाल तर लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणारी, घट्ट बसणारी, नीट बांधणीची केबल भरपूर झाली. सोन्याच्या भावाची वायर घेऊ नका.

चिपचा महिमा

डॅक घेताना दुकानात चिपची नावं फेकली जातात. एकेएम, ईएसएस, आर-टू-आर... ऐकूनच दडपण येतं. यावर एक खरी गोष्ट. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानच्या नोबेओका इथे एकेएमच्या चिप कारखान्याला मोठी आग लागली. जगभर चिप्सचा तुटवडा पडला आणि अनेक नामवंत कंपन्यांना आपले डॅक ईएसएसच्या चिपवर नव्याने बांधावे लागले. चिपच सर्वस्व असती तर हे जमलंच नसतं. चिपच्या आजूबाजूचं सर्किट, वीजपुरवठा आणि आउटपुटचा भाग तितकाच मोलाचा असतो.

बिट्सचंही तेच. १६ बिटमध्ये ९६ डेसिबलची रेंज मिळते, २४ बिटमध्ये कागदावर १४४. प्रत्यक्षात उत्तमोत्तम डॅकही १२०-१३० च्या आसपास थांबतात. आणि आपल्या फ्लॅटमध्ये पंखा आणि खालच्या रिक्षा यांच्यापुढे ९६ सुद्धा पुरून उरतात!

आता कानांची परीक्षा

नवा डॅक जुन्यापेक्षा चांगला की नाही, हे ठरवायचं कसं? एक नियम पाळा. दोन्हींचा आवाज अगदी सारख्या पातळीवर आणा, कारण किंचित मोठं वाजणारं आपल्याला नेहमी ‘जास्त छान’ वाटतं. मग मित्राला किंवा बायकोला न सांगता अदलाबदल करायला लावा. दहापैकी नऊ वेळा ओळखलंत तर फरक खरा. पाच-सहावर अडलात तर तो अंदाजपंचे आहे असं समजा. परत करायची मुदत संपायच्या आत ही परीक्षा घ्या, म्हणजे लाखाचा निर्णय तुमच्या हातात राहील.

गाणी कुठली? ख्यालाच्या सुरुवातीला नुसता तानपुरा वाजतो, तो ऐका. जवारीचे स्वर वेगळे ऐकू येतात का, की नुसती झिणझिण? १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये संतूर, बासरी आणि गिटार आपापल्या जागी दिसतात का? ‘सैराट’ची (२०१६) गाणी लावा, त्यातला सिंफनी ऑर्केस्ट्रा थेट हॉलिवूडमध्ये रेकॉर्ड झालाय. व्हायोलिन्स आणि ढोल एकमेकांवर चढतात की दोघांना जागा मिळते? आणि ७८ आरपीएमच्या तबकडीवरून उतरवलेलं बालगंधर्वांचं नाट्यपद लावलंत तर चांगला डॅक त्यातली खरखरही इमानदारीत ऐकवेल. रेकॉर्डिंगमध्ये जे नाही ते कुठलीच पेटी आणू शकत नाही.

फुकटातलं अपग्रेड

शेवटी खोलीकडे बघा. टाइल्सची फरशी, मोकळ्या भिंती, काचेची खिडकी, आवाज नुसता टेनिस बॉलसारखा उसळतो. जमिनीवर सतरंजी, खिडकीला जाड पडदा, भिंतीशी पुस्तकांचं कपाट. दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण करा, स्पीकरचा वरचा छोटा भोंगा कानाच्या उंचीवर आणा आणि स्पीकर भिंतीपासून थोडे पुढे ओढा. डॅक बदलून जो फरक पडतो, त्याहून मोठा फरक इथे पडेल. खर्च, शून्य रुपये!

एवढं झालं की डिस्प्लेकडे बघणं सोडून द्या. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, मेल सोमवारपर्यंत थांबतील. एक अख्खा अल्बम लावा आणि शेवटच्या गाण्यापर्यंत उठू नका. आईलाही शेजारी बसवा. यावेळी तिने काहीच विचारलं नाही आणि नुसती ऐकत बसली, तर समजा सेटिंग जमलं!