घरातलीच भीती: अशी मांगा मुलं का वाचतात?

मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. तुमच्या मुलीच्या हातात ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’ दिसली, तर चाळून पाहा. भूत नाही, मारामारी नाही. पानोपानी एका आईचा चेहरा. शुझो ओशिमी यांची ही मालिका जपानमध्ये २०१७ ते २०२३ या काळात प्रसिद्ध झाली, प्रौढ वाचकांच्या नियतकालिकात. (लहान मुलांच्या हाती ती देऊ नका.) तेरा वर्षांच्या सेइइचीला त्याची आई नजरेआड होऊ देत नाही. एके दिवशी डोंगरावर ती नात्यातल्या मुलाला कड्यावरून ढकलते, आणि सेइइची ते पाहतो.

एकदम दचकलो की छाती धडधडते, पण थोड्या वेळात शांत होते. इथे तसं होत नाही. धोका नेमका कुठे आहे हे कळत नसल्याने मेंदू सावधच राहतो. शिवाय जागा सुरक्षित आहे की नाही, हे तान्हं बाळसुद्धा आईच्या चेहऱ्यावरून ठरवतं. तोच चेहरा गोड हसताना भीतिदायक वाटला, तर आधार कुठे शोधायचा? फरक एवढाच, की पुस्तक केव्हाही मिटता येतं. म्हणूनच ही भीती हवीशी वाटते. आणि आईविरुद्ध ब्र काढायचा नाही अशा घरात वाढलेल्या वाचकाला माया आणि मूठ यांतला फरक कुणीतरी दाखवला, याचा सुटकाराही वाटतो.

कथेत पुढे सेइइचीचं बोलणं अडखळू लागतं. त्यावरून स्वतःला दोष देऊ नका. तोतरेपणा बहुतेकदा दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतो, त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आईच्या वागण्यामुळे तो होत नाही. मोठ्या वयात अचानक बोलणं अडखळलं, तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा.

निव्वळ आवड असेल तर काळजी नको. झोप उडाली, घरी यायची टाळाटाळ सुरू झाली किंवा ‘आपल्याकडे असंच आहे’ असं ऐकू आलं, तर पुस्तक हिसकावू नका. “यातलं काय ओळखीचं वाटलं?” एवढंच विचारा आणि उत्तर खोडू नका. भीती आईवडिलांचीच असेल, तर मावशीने, काकांनी विचारावं. दवाखान्यात मी अशा वेळी पालकांना बाहेर बसायला सांगतो; राग मानू नका. घरात बोलणं शक्यच नसेल, तर मनाच्या त्रासासाठी टेली-मानस १४४१६ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. दोन्ही मोफत, दिवसरात्र सुरू.