घासला तरी न मिटणारा नंबर

नोव्हेंबरात वरूडच्या आसपास अंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड जोरात असते, तेव्हा धुऱ्याधुऱ्यावर मोटरसायकली उभ्या दिसतात. मालक बागेत झाडांआड आणि गाडी रस्त्याच्या कडेला एकटी. तिच्या राखणीला फक्त एक कुलूप असतं. रोज चाबी फिरवणाऱ्या आपल्याला त्या कुलपाच्या आत काय चाललंय हे कधी दिसत नाही, पण ते पाहण्यासारखं आहे.

चाबी जाते त्या गोल गाभ्यात पितळेच्या पातळ पत्त्या स्प्रिंगवर बसवलेल्या असतात. एरवी त्या गाभ्याबाहेर डोकावून भोवतीच्या नळीच्या खाचेत अडकलेल्या असतात, म्हणून गाभा हलत नाही. बरोबर चाबी आत गेली की तिचा एकेक दात आपापल्या पत्तीला नेमका हवा तेवढाच उचलतो. सगळ्या पत्त्या एकाच वेळी कडेशी सपाट होतात आणि गाभा फिरतो. समजा पत्त्या सहा आणि प्रत्येकीच्या शक्य उंच्या चार, तर वेगवेगळ्या चाब्या होतात ४,०९६. हा आकडा मोठा वाटतो. पण एकेका मॉडेलच्या लाखो गाड्या रस्त्यावर आहेत, म्हणजे तुमच्या चाबीच्या जुळ्या बहिणी कुठेतरी फिरत असणारच. त्यात वर्षानुवर्षांची धूळ आणि झीज. पत्त्यांच्या कडा गोल झाल्या की जवळपासच्या उंचीची चाबीही चालून जाते. जुनी गाडी भलत्याच चाबीनं सुरू होते, ती यामुळे.

हँडल लॉकची गोष्ट वेगळी. तिथं एक छोटा लोखंडी दांडा हँडलची मान अडवून धरतो. मात्र हँडल लांब आणि दांडा आखूड, त्यामुळे हँडल हीच तरफ होते आणि झटक्याचा जोर दांड्यावर कितीतरी पटीनं पडतो. कुलूप चोराला थोडा वेळ अडवतं, त्याहून जास्त त्याच्याकडून अपेक्षा नको.

पण हा थोडा वेळ, ही थोडी अडचण किती मोलाची असते, याचा मला माहीत असलेला सर्वांत थक्क करणारा पुरावा पश्चिम जर्मनीतला आहे. १९८० साली तिथं हेल्मेट न घालणाऱ्याला जागेवर दंड करायला सुरुवात झाली. हेतू डोकी वाचवण्याचा होता. चोरीचा विचारही कुणी केला नव्हता. त्या वर्षी तिथं मोटरसायकलींच्या सुमारे दीड लाख चोऱ्या नोंदल्या गेल्या होत्या. १९८६ मध्ये हा आकडा सुमारे ५४ हजारांवर आला. पॅट मेह्यू, रोनाल्ड क्लार्क आणि डेव्हिड इलियट या अभ्यासकांनी १९८९ मध्ये याचा उलगडा मांडला. गाडी दिसली, मोह झाला आणि नेली, अशा चोराजवळ हेल्मेट नसतं. आता बोडक्या डोक्यानं निघालं की पोलीस अडवणार, म्हणून तो गाडीला हातच लावीना. शिवाय त्या प्रमाणात कारच्या किंवा सायकलींच्या चोऱ्या वाढल्या नाहीत. म्हणजे एक वाट अडली की चोर दुसरी शोधतोच, हा आपला पक्का समजही पूर्ण खरा नाही.

म्हणूनच मला छोट्या अडचणींवर भरवसा वाटतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीचा पेट्रोल कॉक बंद करून ठेवला, तर कार्बोरेटरमधल्या उरल्यासुरल्या पेट्रोलवर ती थोडं अंतर जाते आणि भर रस्त्यात बंद पडते. मेकॅनिककडून सीटखाली बसवून घेतलेला चोर स्विचही असाच उपयोगी. साखळी लावायची तर चाकातून काढून झाडाला किंवा खांबाला बांधावी आणि जमिनीला टेकू देऊ नये, कारण टेकलेली साखळी हातोड्याखाली लवकर तुटते.

चोराचं खरं अवघड काम गाडी नेल्यानंतर सुरू होतं, ते म्हणजे ती विकणं. वरूडहून मध्य प्रदेशची हद्द जवळ. पांढुर्णा, मुलताईकडे सोयरिक आणि व्यापार दोन्ही, त्यामुळे एमएच २७ ची, म्हणजे आपल्या अमरावतीची गाडी तिकडे दिसली तर कुणी वळून पाहत नाही. अशा ठिकाणी गाडीची ओळखच तिला वाचवते. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना येणाऱ्या पाटीवर अशोकचक्राचा होलोग्राम आणि लेझरनं कोरलेला क्रमांक असतो. तिचं स्नॅप लॉक एकदा काढलं की मोडतं, पुन्हा वापरता येत नाही. तरी पाटी ती पाटीच, उचकटता येते. चेसिस नंबरचं तसं नाही. तो सतरा अक्षरा-अंकांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्य यांच्यासारखी दिसतात. सुरुवातीलाच कारखान्याची खूण असते: एमबीएल म्हणजे हिरो, एमडी२ म्हणजे बजाज.

चोर हा नंबर घासून काढतो. पोलादावर ठोकून उमटवलेला असेल, तर मात्र त्याचे कष्ट बहुधा वाया जातात. ठशाचा घाव बसतो तेव्हा डोळ्यांना दिसणाऱ्या खाचेच्याही खालचे पोलादाचे स्फटिक चेपले जातात. कानशीनं खाच जाते, पण खालचा चेपलेला थर राहतो. तो भाग गुळगुळीत करून त्यावर तांब्याचं क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांचं द्रावण लावलं की चेपलेलं आणि न चेपलेलं पोलाद वेगवेगळ्या वेगानं झिजतं आणि कोऱ्या पृष्ठभागावर अंक हळूहळू वर येतात! कधी ते काही क्षणच दिसतात, म्हणून तपासनीस कॅमेरा तयार ठेवतो. १९२१ मध्ये जर्मनीच्या अडोल्फ फ्राय यांनी हे द्रावण पोलादावरचा ताण अभ्यासण्यासाठी वापरलं होतं. चोर त्यांच्या मनातही नसावेत. आज न्यायवैद्यक शास्त्रात ही ओळखीची पद्धत आहे, आणि राज्याची अशी एक प्रादेशिक प्रयोगशाळा अमरावतीतच आहे.

खूप खोल घासलं तर मात्र ही खूणही जाते. इंजिनाचं कवच अॅल्युमिनियमचं, त्याला वेगळं रसायन लागतं. म्हणून चेसिस आणि इंजिन अशा दोन्ही नंबरांचे फोटो घरी ठेवा. जुनी गाडी घेताना पैसे मोजण्याआधी हँडल वळवा आणि मानेजवळचा चेसिस नंबर आरसीशी एकेक अक्षर जुळवून पाहा. अंक रांगेबाहेर गेलेले असतील, तेवढ्याच जागी रंग नवा असेल किंवा बोटाला खरखर लागत असेल, तर सौदा तिथंच थांबवा. सारं ठीक दिसलं, तरी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेत तो नंबर टाकून पाहा. पोलिसांच्या नोंदीत ती गाडी चोरीची आहे का, ते तिथं कळतं.