व्याज टाळले, जोखीमही टाळली

व्याजमुक्त बँकिंगच्या जागतिक चळवळीचा एक धागा आपल्या शहरापर्यंत येतो. विसाव्या शतकात ही कल्पना हिरिरीने मांडणाऱ्यांपैकी मौलाना अबुल आला मौदुदी यांचा जन्म 1903 साली औरंगाबादेत झाला. पुढे त्यांनी जमाते इस्लामी स्थापन केली. त्यांचे राजकारण मला अजिबात पटत नाही. पण व्याजावरचा त्यांचा मूळ आक्षेप विचार करण्याजोगा आहे: कर्जदार बुडाला तरी सावकाराचे व्याज चालूच राहते. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे कुणी समजावून सांगायला नको.

मग इस्लामी बँका कर्जदाराच्या तोट्यात सहभागी होतात का? समजा, आपल्याकडच्या एका हिमरू विणकराला लाखभर रुपयांचे सूत आणि रेशीम हवे आहे. मूळ तत्त्वानुसार बँकेने त्याच्या धंद्यात भागीदार व्हावे. शाली खपल्या तर ठरल्या हिश्शाने नफा घ्यावा, पडून राहिल्या तर भांडवलाच्या प्रमाणात तोटा सोसावा. याला मुशारका म्हणतात. प्रत्यक्षात मात्र बँकांचा भर असतो मुराबहावर. बँक ते सूत लाखाला घेते आणि विणकराला, समजा, एक लाख बारा हजारांना हप्त्याने विकते. माल खपो न खपो, एक लाख बारा हजार भरायचेच. कागदावर हा व्यापार आहे. विणकराच्या खिशाला तो कर्जासारखाच लागतो.

तरी फरक काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. किंमत एकदा ठरली की हप्ता चुकला म्हणून ती वाढत नाही. उशिराचा दंड बँकेने नफ्यात न धरता दानात द्यावा, असा दंडक आहे. चक्रवाढ व्याजात पिचलेल्या माणसाला त्याचे मोल कळेल.

या बँकांचे कान धर्मपंडितांनीही उपटले आहेत. 2007 मध्ये पाकिस्तानचे मुफ्ती तकी उस्मानी यांनी बाजारातले बहुतेक सुकूक, म्हणजे इस्लामी रोखे, शरियतच्या कसोटीला उतरत नाहीत असे बजावले. त्याच वर्षी हनीफा आणि हुदैब या अभ्यासकांनी आखाती देशांतल्या सात इस्लामी बँकांचे वार्षिक अहवाल तपासले. त्यांपैकी सहा बँकांच्या अहवालांत आदर्श आणि प्रत्यक्ष मांडणी यांत तफावत दिसली. जकात (म्हणजे मुसलमानांना बंधनकारक असलेले धर्मदान), दानधर्म आणि समाजाशी बांधिलकी या बाबतीत त्या विशेष तोकड्या पडल्या. ज्या मूल्यांच्या नावावर ठेवी गोळा करायच्या, त्यांचाच हिशेब द्यायचा नाही, हे मला अक्षम्य वाटते.

भारतात मुराबहाचा मार्गच बंद आहे, कारण 1949 चा बँकिंग नियमन कायदा बँकांना मालाची खरेदी-विक्री करू देत नाही. रघुराम राजन समितीने 2008 मध्ये व्याजमुक्त बँकिंगची शिफारस केली होती. 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने तो विषय पुढे न नेण्याचे ठरवले. दरम्यान 2016 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत लोकमंगल सहकारी बँकेने बिनव्याजी कर्जाचा प्रयोग सुरू केला होता. आता उरतात त्या बिनव्याजी पतसंस्था. सभासदांच्या ठेवी, सोने तारण किंवा जामीनदार, आणि व्याजाऐवजी सेवाशुल्क, असा त्यांचा व्यवहार. खरी मेख या शुल्कातच आहे. कर्मचारी, भाडे, कागदपत्रे यांच्या खर्चापुरते ते असेल तर ठीक. कर्जाची रक्कम आणि मुदत यांच्याबरोबर ते वाढत गेले, तर ते व्याजच.

बेंगळुरूच्या आयएमए कंपनीने ‘हलाल’ नफ्याचे आमिष दाखवून हजारो कुटुंबांची पुंजी घेतली आणि 2019 मध्ये तिचा मालक परदेशी पळाला. भागीदारीत नफ्याची हमी देणे शरियतलाच मान्य नाही, एवढे माहीत असते तर अनेकजण सावध झाले असते. म्हणून कुणी धर्माचे नाव घेऊन दरमहा ठरावीक नफा देऊ करत असेल, तर धंदा कोणता, नोंदणी कुठे आणि तोटा झाल्यास कुणाचा, हे आधी विचारा. उत्तरे लेखी मिळेपर्यंत एक रुपयाही देऊ नका.