मानसशास्त्रज्ञांची व्यावसायिक नीतिसंहिता

मानसशास्त्रीय ज्ञान, कसोट्या व समुपदेशनाची तंत्रे यांचा व्यवसाय म्हणून उपयोग करणाऱ्या व्यक्तीने सल्लार्थी, संशोधनातील सहभागी, सहव्यावसायिक आणि समाज यांच्याशी कसे वागावे, हे ठरविणाऱ्या तत्त्वांचा व नियमांचा समुच्चय. या व्यवसायात माणूस स्वतःविषयीची अत्यंत खाजगी माहिती विश्वासाने उघड करतो. तिच्या आधारे दिलेल्या अभिप्रायाचा त्याच्या शिक्षणावर, नोकरीवर व कौटुंबिक जीवनावर परिणाम होतो. परंतु तो अभिप्राय बरोबर आहे की नाही, हे त्याला स्वतः पडताळून पाहता येत नाही. ही असमानता हेच नीतिसंहितेचे मूळ कारण होय.

इतिहास : दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेने मानवावरील प्रयोगांत ऐच्छिक संमती अनिवार्य ठरविली. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेने आपली पहिली नीतिसंहिता १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. ती तयार करताना सदस्यांकडून त्यांना व्यवसायात प्रत्यक्ष आलेले नैतिक पेचप्रसंग मागविण्यात आले व अशा हजारावर प्रसंगांच्या विश्लेषणातून नियम बसविण्यात आले. स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९६१ मध्ये येल विद्यापीठात सुरू केलेल्या आज्ञापालनविषयक प्रयोगांत सहभागी व्यक्तींची दिशाभूल करण्यात आली होती. त्यावरील वादामुळे संमती व प्रयोगोत्तर खुलासा यांसंबंधीचे नियम अधिक काटेकोर करण्याच्या मागणीस बळ मिळाले. संघटनेच्या काही पदाधिकाऱ्यांनी कैद्यांच्या चौकशीबाबतचे नैतिक निकष संरक्षण खात्याच्या सोयीने शिथिल ठेवल्याचा निष्कर्ष २०१५ च्या एका स्वतंत्र अहवालात निघाला. त्यामुळे मानसशास्त्रज्ञाची बांधीलकी वेतन देणाऱ्याशी की समोर बसलेल्या माणसाशी, हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला.

प्रमुख तत्त्वे : निरनिराळ्या देशांतील संहितांत पुढील तत्त्वे समान आढळतात : सल्लार्थीचे हित व अपाय टाळणे, आपल्या प्रशिक्षणाच्या मर्यादेबाहेरचे काम न स्वीकारणे, गोपनीयता, पूर्ण माहिती देऊन घेतलेली संमती, कसोट्यांचा जबाबदार वापर, आणि सल्लार्थीशी आर्थिक, लैंगिक वा अन्य दुहेरी संबंध न ठेवणे. गोपनीयता निरपवाद नसते. कोणाच्या जिवास धोका संभवत असेल, तर तो टाळण्यापुरती माहिती देता येते. तथापि ही मर्यादा सल्लार्थीस आरंभीच सांगणे आवश्यक असते.

औद्योगिक क्षेत्र : रुग्णालयात वा खाजगी समुपदेशनात संबंध मुख्यतः दोन व्यक्तींचा असतो, कारखान्यात तो त्रिकोणी होतो. पिंपरी-चिंचवड परिसर याचे ठळक उदाहरण आहे. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर भोसरी, चिंचवड व आकुर्डी भागांत मोटार व यंत्रसामग्रीचे कारखाने वाढले. पुढे हा पट्टा चाकणपर्यंत पसरला. अशा उद्योगांत मानसशास्त्रज्ञाकडे भरतीच्या वेळच्या कसोट्या, अपघातांच्या मानवी कारणांचा अभ्यास, तसेच गैरहजेरी, व्यसन व ताण यांबाबतचे समुपदेशन ही कामे येऊ शकतात. मोबदला व्यवस्थापन देते, मन मात्र कामगार उघडे करतो.

समजा, रात्रपाळीत दाबयंत्रावर काम करणाऱ्या कामगाराने निद्रानाश व मद्यपान यांविषयी समुपदेशकास सांगितले आणि व्यवस्थापकाने त्याबाबत विचारणा केली. येथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. त्याच्या हाताला किंवा सहकाऱ्यांच्या जिवाला तातडीचा धोका असेल, तर त्यास काही काळ यंत्रावर ठेवू नये, एवढे सांगणे समर्थनीय ठरते. त्यामागील कौटुंबिक व वैयक्तिक कारणे सांगणे नव्हे. म्हणूनच संस्थेमार्फत सेवा देताना सल्लार्थी कोण, अहवाल कोणास मिळणार आणि त्याचा उपयोग कशासाठी होणार, हे आधीच स्पष्ट करावे, असा नियम अमेरिकन संहितेत आहे. समुपदेशनाच्या नोंदी सेवापुस्तिकेपासून अलग ठेवणे, व्यवस्थापनास केवळ एकत्रित आकडेवारी देणे व निवड आणि समुपदेशन ही कामे एकाच व्यक्तीकडे न सोपविणे, या प्रथा त्यातूनच उद्भवतात. सात-आठ कामगारांच्या विभागाची आकडेवारी मात्र ‘एकत्रित’ असूनही माणूस ओळखू देते.

संमतीचा प्रश्न याहून अवघड आहे. नोकरीची गरज असलेला उमेदवार किंवा कंत्राटी कामगार कसोटीस क्वचितच नकार देऊ शकतो. त्याची सही ही संमती असतेच असे नाही. म्हणून कामाशी संबंध नसलेली माहिती मुळात न विचारणे हा त्याच्या संरक्षणाचा अधिक भरवशाचा मार्ग होय. कसोटीची भाषा व मानके हाही नीतीचाच भाग आहे. शहरी, इंग्रजी शिकलेल्या गटावर प्रमाणित केलेली कसोटी केवळ भाषांतर करून मराठवाड्यातून किंवा बिहारमधून आलेल्या तरुणास लावल्यास बुद्धीऐवजी परिचय मोजला जातो. मराठीतून कसोट्या तयार करण्याचे पुण्यातील ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थांनी केलेले कार्य या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

भारतातील तरतुदी : भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ अन्वये चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी होऊ लागली. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ ने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीस गोपनीयतेचा हक्क दिला. त्यात उपचार करणारे अन्य व्यावसायिक, नामनिर्देशित प्रतिनिधी, जीवितास धोका, न्यायालयीन वा वैधानिक आदेश इ. अपवाद आहेत; नियोक्त्याची विचारणा हा अपवाद नाही. तथापि हे कलम आजारी व्यक्ती व आरोग्य व्यावसायिक यांच्यापुरते आहे. भरतीची कसोटी देणारा निरोगी उमेदवार त्याच्या कक्षेत येत नाही. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ च्या अनुसूचीत मानसशास्त्रज्ञांचा समावेश झाला, तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने माहितीच्या वापरास सामान्य मर्यादा घातल्या.

व्यावसायिक संघटना सदस्यास ताकीद देऊ शकते वा त्याचे सदस्यत्व रद्द करू शकते. असदस्यावर तिचा अधिकार चालत नाही. त्यामुळे कारखान्यातील सल्लार्थीचे संरक्षण बव्हंशी मानसशास्त्रज्ञाने नेमणूक स्वीकारतानाच करारात लिहून घेतलेल्या अटींवर अवलंबून राहते. कामगाराने बोलण्यापूर्वी त्या अटी त्याला त्याच्या भाषेत समजावून देणे, हे या संहितेचे व्यवहारातील पहिले कलम मानावे लागेल.