डिझेल फिल्टर : जुनी सवय नव्या गाडीला चालत नाही

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे लातूरला जाणाऱ्या रस्त्यावर पिकअप गाड्यांची वर्दळ बाराही महिने असते. अर्धापूरची केळी, आडतीचा माल, भंगार, गाद्या, फर्निचर. आपल्या पुष्कळ व्यापारी व कारागीर बांधवांचा धंदा याच गाडीवर चालतो. अशी गाडी चढावर दम टाकू लागली, झटके देऊ लागली किंवा सकाळी सेल्फ मारून मारून सुरू होऊ लागली, तर पुष्कळदा दोष इंजिनाचा नसून डिझेल फिल्टरचा असतो. हवेचा फिल्टर तुंबला तरी गाडी अशीच दमते, म्हणून तो आधी पाहून घ्यावा.

फिल्टर कचरा अडवितो, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु तो पाणीही वेगळे करतो. पाणी डिझेलहून जड, ते तळाशी बसते. हे पाणी येते कोठून? टाकी रिकामी ठेवून गाडी रात्रभर उभी केली की आतल्या हवेतील ओल टाकीच्या आतून धरते व ठिबकते. याहून जास्त पाणी बॅरल व कॅनमधील डिझेलमधून येते. दोन रुपये स्वस्त मिळाले म्हणून अनोळखी बॅरलमधले डिझेल घेणे आम्हाला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. १९८६ साली टाटा ४०७ आली. त्या काळातील गाड्यांवर आपल्या उस्तादांचा हात बसला. त्यांचे पंप साधे होते. फिल्टर धुऊन, हवा मारून पुन्हा बसविला तरी गाडी निभावून नेई. नोझलचा नट सैल करून एअर काढण्याची रीतही तेव्हाचीच. १ एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ लागू झाले आणि आजच्या बहुतेक डिझेल पिकअपना कॉमन रेल आहे. तिच्यात डिझेलचा दाब टायरमधील हवेच्या शेकडो पट असतो. नोझल व पंपाचे भाग इतके बारीक बसविलेले असतात की केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा कणही त्यांना ओरखडे पाडतो. शिवाय या पंपाला वंगण डिझेलचेच. पाणी शिरले की तो कोरडा घासतो. फिल्टर शेकड्यांत, फार तर हजार-दोन हजारांत येतो. नोझल व पंपाचे बिल अनेक हजारांचे होते. म्हणून कॉमन रेलचा फिल्टर धुऊन बसवू नये आणि नोझलचा नट सुरू गाडीत कदापि सैल करू नये. त्या दाबाची धार कातडी फोडून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठावा.

बदलण्याचे काम मात्र अवघड नाही. इंजिन थंड होऊ द्यावे, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, बिडी-सिगारेट दूर. आधी फिल्टरचा बाहेरचा भाग व नळ्यांची तोंडे स्वच्छ पुसावीत. बहुतेक घाण याच वेळी आत जाते. खालचा स्क्रू सोडून डिझेल बाटलीत घ्यावे. तळाशी पाण्याचा वेगळा थर दिसला तर टाकीही तपासून घ्यावी. नळ्या काढताना कोणती कोठली, याची खूण करावी. पाण्याचा सेन्सर जुन्या फिल्टरवर असेल तर तो जपून काढून नव्यावर बसवावा. रबर रिंग नवीच घालावी, तिला डिझेलचे बोट फिरवावे.

नवा फिल्टर कॅनमधील डिझेलने भरून बसविण्याची घाई करू नये. मधल्या भोकातून ओतलेले डिझेल न गाळता थेट पंपात जाते. फिल्टरवर हॅन्ड पंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबावा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर बॅटरी जोडून चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करावी. मग सेल्फ मारावा, पण एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही.

गाडी सुरू झाली की जोड पाहावेत. वीसेक किलोमीटर चालवून पुन्हा एकदा पाहावेत. फिल्टर किती किलोमीटरला बदलायचा, ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते; बसविताना मीटरचा आकडा फिल्टरवरच रंगाने लिहून ठेवावा, म्हणजे ड्रायव्हर बदलला तरी हिशेब राहतो.