पाण्याला दिशा कोण देतं?

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने घरातल्या नळावर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण कार्यकारणाचा इतका चांगला धडा घरात दुसरीकडे कुठे मिळत नाही.

नळ उघडला की पाणी बाहेर येतं. हे आपण इतक्या वेळा पाहिलेलं असतं, की ते कधी उलटं आत जाईल असं मनातही येत नाही. अशी खात्री सवयीतून येते, असं ह्यूमने दाखवून दिलं. पाण्याला आत-बाहेर काही कळत नाही. दाब जिकडे कमी, तिकडे ते जातं, एवढंच.

आता आपल्याकडची परिस्थिती बघा. आपल्या अनेक शहरांत पाणी दिवसातून काही तासच येतं. वेळ संपली की लाइनमधला दाब उतरतो, पाणी उताराकडे जाऊ लागतं आणि मागे ओढ निर्माण होते. खालच्या अंगाला कोणी थेट लाइनवर मोटर लावली असेल, तर ही ओढ आणखी वाढते. अशा वेळी नळ उघडा असेल आणि त्याला लावलेल्या पाइपाचं टोक साबणाच्या बादलीत बुडालेलं असेल, तर बादलीतलं पाणी लाइनमध्ये शिरतं. पुढच्या वेळी ते आपल्याच हंड्यात येईल, नाहीतर शेजारच्यांच्या.

ओढीसारखाच दुसरा प्रकार रेट्याचा. दहा मीटर उंचीवरच्या टाकीतलं पाणी खाली दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो दाब देतं. बोअरची मोटर त्याहून जास्तही देऊ शकते. बोअरची आणि नगरपालिकेची लाइन एका व्हॉल्व्हने जोडलेली असेल आणि तो व्हॉल्व्ह नीट बंद होत नसेल, तर बोअरचं पाणी पिण्याच्या लाइनमध्ये रेटलं जातं.

1933 साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या दोन हॉटेलांत उतरलेल्या पाहुण्यांमध्ये आमांशाची साथ पसरली. त्या साथीत 98 माणसं दगावली. हॉटेलांच्या जुन्या नळजोडण्यांत सांडपाण्याचा आणि पिण्याच्या पाण्याचा संबंध आला होता, असं तपासात आढळलं. बरेच पाहुणे आपापल्या गावी परतल्यावर आजारी पडले. कारण एका शहरात आणि कार्य दुसऱ्याच, म्हणून साथ ओळखायलाच वेळ लागला.

मग उपाय काय? सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे रिकामी जागा. टाकीत पाणी सोडणाऱ्या पाइपाचं तोंड पाण्याच्या सर्वांत वरच्या पातळीच्याही वर राहिलं पाहिजे. हे अंतर पाइपाच्या व्यासाच्या निदान दुप्पट हवं, आणि एक इंचापेक्षा कमी नको. मधे हवा असली की लाइन कितीही ओढो, तिला हवाच मिळते, पाणी मिळत नाही. आपल्या वैशेषिकांनी पुढे अभावालाही पदार्थ मानलं. इथे तर अभाव चक्क राखण करतो!

जिथे अशी जागा ठेवता येत नाही, तिथे प्लंबर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवतो. तो उपयोगी आहे, पण त्यात कचरा अडकतो, रबर झिजतं. म्हणून तो अधूनमधून तपासावा लागतो. आणि बोअर व नगरपालिकेच्या पाण्यामध्ये नुसत्या व्हॉल्व्हवर विसंबू नये, दोन्ही लाइन वेगळ्याच ठेवाव्यात.

तेव्हा घरी गेल्यावर आपण तीन गोष्टी बघू या. नळाला लावलेला पाइप कुठे बुडालेला नाही ना? टाकीत पाणी सोडणाऱ्या पाइपाचं तोंड पाण्याच्या वर आहे ना? थेट लाइनला मोटर लावलेली नाही ना? ही तिसरी गोष्ट सोसायटीच्या सभेत बोलायला अवघड जाते, कारण मोटर कोणाची आहे ते सगळ्यांना माहीत असतं. तरी बोलावं. लाइन एकच आहे, आणि तिच्या टोकाला कोणाच्या तरी घरात तान्हं मूल आहे.