उद्यानविद्येचे शिक्षण : निवड विचारपूर्वक व्हावी

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील तालुके. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे व पिंपळगाव जोगे या पाच धरणांनी या परिसराच्या शेतीचे स्वरूप पालटले. ओतूरचा कांदा आणि नारायणगावचा टोमॅटो दूरच्या बाजारपेठांत पोहोचतो. द्राक्षे व डाळिंबांच्या बागाही उभ्या राहिल्या आहेत. मात्र छाटणीची वेळ चुकली, रोगाचे निदान उशिरा झाले किंवा साठवण सदोष राहिली, तर वर्षाचे श्रम वाया जातात. म्हणूनच येथील मुलामुलींनी उद्यानविद्येचे शास्त्रीय शिक्षण घेणे ही काळाची गरज आहे.

निर्णय दहावीनंतरच

पदवी अभ्यासक्रमासाठी बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण व्हावे लागते आणि राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. अकरावीला अन्य शाखा घेतलेल्या विद्यार्थ्यास ही वाट सहसा बंद होते. हे बारावीच्या निकालानंतर कळून उपयोग नाही. दहावीच्या वर्गातच ते सांगणे शिक्षकांचे कर्तव्य ठरते. ज्यांना लवकर शेतीत उतरावयाचे आहे, त्यांच्यासाठी दहावीनंतरची कृषी पदविका उपलब्ध आहे.

कृषी की उद्यानविद्या?

दोन्ही पदव्या चार वर्षांच्या आहेत. कृषी पदवीत अन्नधान्य पिके, मृदाशास्त्र, पशुसंवर्धन, कृषी अर्थशास्त्र असा विस्तृत अभ्यास असतो. उद्यानविद्येत फळे, भाजीपाला, फुले, रोपवाटिका व काढणीनंतरची प्रक्रिया यांवर भर असतो. स्वतःची बाग, रोपवाटिका वा प्रक्रिया उद्योग हे ध्येय असेल, तर उद्यानविद्या अधिक उपयुक्त होय. शासकीय सेवेचा विचार असल्यास संबंधित पदाच्या जाहिरातीतील अर्हता आधी वाचावी.

इमारत नव्हे, प्रक्षेत्र पाहावे

पश्चिम महाराष्ट्रासाठी राहुरी येथे 1968 साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. त्याच्या अखत्यारीत शासकीय तसेच खाजगी महाविद्यालयेही चालतात. खाजगी महाविद्यालय निवडताना पालकांनी चार प्रश्न अवश्य विचारावेत. विद्यापीठाची संलग्नता आहे काय? महाविद्यालयाची स्वतःची बाग, रोपवाटिका व पाण्याची सोय आहे काय? उद्यानविद्येचे पूर्णवेळ अध्यापक किती? चार वर्षांचा एकूण खर्च किती? कलम बांधणे फळ्यावर शिकता येत नाही. त्यासाठी हाती चाकू आणि समोर रोप असावे लागते.

प्रवेशापूर्वी विद्यार्थ्यांनी नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्र, राजगुरुनगरचे कांदा व लसूण संशोधन संचालनालय आणि मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र पाहून यावे. आपली आवड खरी की ऐकीव, हे तेथे उमगते.

ग्रामपंचायतींनी अशा सहली घडवून आणाव्यात आणि आवश्यक दाखले वेळेवर मिळतील हे पाहावे. एका घरातील मुलगी वा मुलगा हे ज्ञान घेऊन परतला, तर त्याचा लाभ साऱ्या शिवाराला होईल.